वस्तीवरच्या बॅटरीचा हिशेब : बॅटरी मॉनिटर कसा बसवावा?



आपला ऊस कारखान्यावर आला की प्रथम काट्यावर चढतो. भरगाडीचे वजन होते. गव्हाणीवर गाडी रिकामी झाली की परत रिकाम्या गाडीचे वजन होते, आणि दोहोंतला फरक तो आपला ऊस. कोणी गाडीकडे नुसती नजर टाकून, ‘असेल चार टन’ असे सांगितले तर आपल्यापैकी एक तरी सभासद ते मान्य करील काय? मुळीच नाही. पण ह्याच आपल्या घरात एक वस्तू अशी आहे की जिचा सगळा कारभार आपण निव्वळ नजरेच्या अंदाजाने करतो. ती वस्तू म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी.

रानातल्या वस्तीवर आज बॅटरी नाही असे घर विरळाच. लाईट गेली की त्याच बॅटरीवर दिवे, पंखा, मुलांचा अभ्यास आणि मोबाईलचे चार्जिंग चालते. पावसाळ्यात रात्री मोटर सुरू करायला निघालेल्या माणसाला दारातला दिवा मिळतो तोही तिच्यावरच. साप-विंचवाच्या दिवसांत असा दिवा अर्ध्या रात्री विझणे ही काही लहान गोष्ट नव्हे. तरीही बॅटरीत किती शिल्लक आहे हे कोणाला विचारले तर उत्तर येते, ‘हिरवा दिवा लागलाय, म्हणजे फुल असणार.’ आणि मग पाच वर्षे चालावी म्हणून आणलेली बॅटरी दोन वर्षांत बसते, कंपनीच्या नावाने बोटे मोडली जातात, आणि नवी बॅटरी आणून तिचेही तेच केले जाते.

ह्यावर उपाय आहे. बॅटरीतून किती वीज गेली आणि किती आत आली, ह्याचा काटा बसवणे. ह्या काट्याला बॅटरी मॉनिटर म्हणतात. तो कसा चालतो, कसा बसवायचा आणि बसवल्यावर त्याचा उपयोग काय करायचा, हे ह्या लेखात क्रमाने पाहू.

हिरवा दिवा का फसवतो?

इन्व्हर्टरवरचे दिवे किंवा पट्ट्या बहुधा बॅटरीचे व्होल्टेज पाहून लागतात. आता व्होल्टेज म्हणजे काय हे विहिरीवरून समजून घ्या. मोटर चालू असताना विहिरीत डोकावले तर पाणी खाली गेलेले दिसते. मोटर बंद करून दोन-चार तासांनी पाहिले तर तेच पाणी वर आलेले असते. विहिरीत खरे पाणी किती आहे हे मोटर चालू असताना कळत नाही, ती विसावल्यावर कळते. बॅटरीचेही असेच आहे. पंखा, टी.व्ही. चालू असताना व्होल्टेज खाली बसते, आणि चार्जिंग चालू असताना ते उगीचच चढलेले दिसते. चार्जिंग चालू असताना १४ व्होल्ट दिसले म्हणून बॅटरी भरली असे समजू नये.

बॅटरीवर काही तास ना लोड ना चार्जिंग, अशी ती विसावलेली असेल तरच व्होल्टेज खरे बोलते. १२ व्होल्टच्या शिसे-ॲसिडच्या बॅटरीचा ढोबळ तक्ता असा :

१२.७ व्होल्ट – पूर्ण भरलेली
१२.४ व्होल्ट – पाऊण
१२.२ व्होल्ट – निम्मी
१२.० व्होल्ट – पाव
११.८ व्होल्ट – जवळजवळ रिकामी

पूर्ण भरलेली आणि रिकामी ह्यांत एक व्होल्टाचाही फरक नाही, हे ध्यानात घ्या. शिवाय ज्या वस्तीवर रोज लाईट जाते तिथे बॅटरीला तासन्‌तास विसावा मिळायचा कधी? म्हणजे हा तक्ता खरा असला तरी रोजच्या कामाचा नाही.

आणखी एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. ‘बॅटरी फार उतरली तर इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, मग काळजी कशाला?’ असे बरेच जण म्हणतात. परंतु इन्व्हर्टर बंद होतो तो साधारणपणे साडेदहा व्होल्टच्या आसपास. तोपर्यंत बॅटरीत काही उरलेलेच नसते. शिसे-ॲसिडची बॅटरी वरचेवर निम्म्याच्या खाली उतरवली, आणि तशीच अर्धपोटी ठेवली, तर आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होऊन बसतो. कडक झालेला थर पुढे चार्जिंगने सुटत नाही. तेवढी प्लेट कायमची कामातून गेली. बॅटरी बसते ती बहुतेक अशीच, एका दिवसात नव्हे, तर रोज थोडी थोडी.

मॉनिटर कसा मोजतो?

बॅटरीवर १५० ए.एच. असा आकडा असतो. ए.एच. म्हणजे अँपिअर-तास. १५ अँपिअरचा प्रवाह दहा तास काढला तर १५० अँपिअर-तास झाले. हा आकडा म्हणजे कणगीत मावणारे धान्य समजा. कणगीत रोज किती पायल्या टाकल्या आणि किती काढल्या ह्याची नोंद ठेवली, तर झाकण न उघडता शिल्लक सांगता येते. मॉनिटर नेमके हेच काम करतो.

त्याचा मुख्य भाग म्हणजे शंट. शंट म्हणजे दोन जाड पितळी ठोकळे आणि त्यांच्यामध्ये जोडलेली खास मिश्र धातूची पट्टी. बॅटरीचा सगळा प्रवाह ह्या पट्टीतून जातो. पट्टीचा विरोध अत्यंत कमी, पण अचूक ठरवलेला असतो. प्रवाह गेला की तिच्या दोन टोकांत व्होल्टेजचा अगदी बारीकसा फरक पडतो. १०० अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट असा शंट असेल, तर २० अँपिअरला १५ मिलिव्होल्ट फरक पडतो. हा फरक मॉनिटर सतत वाचतो, त्यावरून अँपिअर काढतो, त्याला वेळेने गुणतो आणि बेरीज-वजाबाकी करत राहतो. वीज बाहेर गेली की वजा, आत आली की अधिक. पडद्यावर आपल्याला व्होल्ट, अँपिअर, गेलेले अँपिअर-तास आणि शिल्लक टक्के दिसतात.

परदेशात हे यंत्र होड्यांवर आणि चाकांवरच्या घरांत फार वापरले जाते. अमेरिकेत मोटारीच्या मागे जोडून न्यायच्या घराला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. त्यातले दिवे, पाण्याचा छोटा पंप, थंडीत ऊब देणाऱ्या भट्टीचा पंखा हे सारे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. रानावनात मुक्काम पडला की विजेचा खांब कुठला? मग बॅटरी हीच सगळी पुंजी. म्हणून ती मंडळी पहिल्या दिवसापासून शिलकीचा आकडा डोळ्यांसमोर ठेवतात. आपल्या वस्तीची अडचण त्याहून वेगळी नाही. फरक एवढाच की त्यांचे घर चाकावर आहे आणि आपले रानात.

बसवण्याचा एकच मुख्य नियम

कारखान्याला मागच्या बाजूने एक फाटक असते आणि त्यातून रोज दोन गाड्या काट्यावर न चढता गेल्या असत्या, तर हंगामाचा हिशेब जुळला असता काय? शंटचेही तसेच. आत येणारी आणि बाहेर जाणारी प्रत्येक वायर शंटमधूनच गेली पाहिजे. शंट बसवतात तो निगेटिव्ह बाजूला. म्हणून नियम असा : बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर शंटकडे जाणारी एकच जाड केबल राहावी. दुसरी एकही वायर तिथे राहता कामा नये.

नेमकी इथेच गफलत होते. इन्व्हर्टरची निगेटिव्ह केबल शंटवर नेतात, पण सोलरच्या कंट्रोलरची बारीक काळी वायर बॅटरीच्या टोकावर तशीच राहते. मग दिवसभर सोलर बॅटरी भरतो आणि मॉनिटरला त्याची खबरच नसते. कोणी बॅटरीवरून परस्पर एखादा १२ व्होल्टचा दिवा घेतलेला असतो, कोणी फवारणीच्या पंपाचे चार्जिंग घेतलेले असते. ह्या साऱ्या चोरवाटा आहेत. त्या शोधून सगळ्या काळ्या वायरी शंटच्या पलीकडच्या टोकावर आणल्या पाहिजेत.

ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये आणखी एक चोरवाट असते. ट्रेलरचा लोखंडी सांगाडाच निगेटिव्ह वायर म्हणून वापरलेला असतो, आणि सांगाड्यापासून एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आलेली असते. ती वायरही शंटच्या पलीकडे न नेल्यास सांगाड्यातून जाणारा प्रवाह मोजला जात नाही. आपल्याकडे ट्रॅक्टरची बॅटरीही अशीच सांगाड्याला अर्थ केलेली असते. परंतु ट्रॅक्टरच्या बॅटरीला हा मॉनिटर लावण्याच्या भानगडीत पडू नये. ती बॅटरी इंजिन सुरू करण्यापुरती असते. स्टार्टर फिरताना क्षणभर शेकडो अँपिअर ओढले जातात, ते घरगुती शंटला झेपणारे नव्हे.

काय काय लागेल?

१. मॉनिटर आणि त्याच्याबरोबरचा शंट. शंटची अँपिअर क्षमता आपल्या इन्व्हर्टरच्या जास्तीत जास्त ओढीपेक्षा मोठी असावी. १२ व्होल्टवर ६०० वॅटचे लोड म्हणजे इन्व्हर्टरची स्वतःची घट धरून सुमारे ६० अँपिअर. म्हणून १०० अँपिअरपेक्षा लहान शंट घेऊ नये. इन्व्हर्टर मोठा असल्यास त्या मानाने मोठा शंट घ्यावा.
२. इन्व्हर्टरच्या केबलइतक्याच जाडीची केबलची एक तोकडी लांबी. दोन्ही टोकांना लग नीट दाबून बसवलेले असावेत. हाताने पिळून बांधलेली वायर चालणार नाही.
३. मॉनिटरच्या बारीक लाल वायरीसाठी एक अँपिअरचा फ्यूज, होल्डरसह.
४. मापाचे पाने, इन्सुलेशन टेप, शंट बसवायला लाकडी फळी किंवा बेकेलाईटचा तुकडा.
५. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, आणि जवळ पाण्याची बादली.

आधी जिवाची काळजी

१२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक बॅटरीला घाबरत नाहीत. पण लोखंडी पाना चुकून दोन्ही टोकांवर पडला तर त्यातून शेकडो अँपिअर वाहतात. पाना लाल होतो, वितळलेल्या धातूचे थेंब उडतात. हातातली अंगठी मध्ये आली तर बोट भाजून निघते. सबब काम सुरू करण्यापूर्वी अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे आणि पान्याच्या मुठीवर टेप गुंडाळावी.

चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून चार्जिंग बंद करून काही वेळ जाऊ द्यावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, आणि विडी-काडी जवळ आणू नये. ॲसिड अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेले तर बराच वेळ पाण्याने धूत राहून तडक दवाखाना गाठावा.

आणि हे पक्के लक्षात ठेवा की इन्व्हर्टरच्या दुसऱ्या बाजूला २३० व्होल्ट असतात. ते जीव घेतात. त्या बाजूला हात लावायचा तर वायरमनलाच बोलवावे. इन्व्हर्टर-बॅटरी गॅरंटीत असेल तर आधी दुकानदाराला विचारून घ्यावे.

प्रत्यक्ष काम : क्रमाने

पहिले. इन्व्हर्टरचे बटण बंद करा आणि त्याची मेनची पिन काढा. सोलर असेल तर पॅनेलची वायर कंट्रोलरपासून आधी सोडवा, बॅटरीची नंतर. पॅनेल जोडलेले ठेवून बॅटरी काढली तर कंट्रोलर बिघडण्याचा संभव असतो.

दुसरे. आहे त्या जोडणीचा मोबाईलवर फोटो काढा. प्रत्येक वायरीला कापडी टेपची चिठ्ठी लावून ती कशाची हे लिहा. पाच मिनिटांचे काम आहे, पण पुढे तासभर वाचवते.

तिसरे. बॅटरीची निगेटिव्ह वायर प्रथम सोडवा. निगेटिव्ह सुटली की पाना कुठे टेकला तरी धोका बराच कमी होतो. सुटलेल्या टोकांवर टेप गुंडाळा. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून फडक्याने पुसून काढा. मात्र हे पाणी बॅटरीच्या बुचातून आत जाता कामा नये.

चौथे. शंट फळीवर पक्का करून बॅटरीच्या जवळ भिंतीवर लावा. बरोबर बॅटरीच्या डोक्यावर लावू नका, कारण ॲसिडच्या वाफेने पितळ खराब होते.

पाचवे. शंटच्या दोन टोकांपैकी एकावर बॅटरीची व दुसऱ्यावर लोडची खूण असते. इन्व्हर्टर, सोलर कंट्रोलर आणि इतर सगळ्या काळ्या वायरी लोडच्या टोकावर लावा. लग थेट शंटच्या धातूवर टेकला पाहिजे. वॉशर नटाच्या बाजूला यावा, लग आणि शंट ह्यांच्या मध्ये नव्हे. नट नीट आवळा. ढिला नट तापतो आणि तापलेला नट घर पेटवतो.

सहावे. नवी तोकडी केबल आधी शंटच्या बॅटरीकडील टोकाला लावा, आणि सर्वांत शेवटी बॅटरीच्या निगेटिव्हला. ही शेवटची जोडणी करताना बारीकशी ठिणगी उडू शकते. इन्व्हर्टरमधले कपॅसिटर भरतात त्याची ती असते. म्हणूनच आधी खोली हवेशीर करून घ्यायची.

सातवे. मॉनिटरची बारीक लाल वायर फ्यूज होल्डरमधून बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. फ्यूज पॉझिटिव्हच्या अगदी जवळ असावा. सगळे तपासून झाल्यावरच आत फ्यूज घाला. २४ व्होल्टच्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. तिथे शंट साखळीच्या शेवटच्या निगेटिव्हवर आणि लाल वायर पहिल्या पॉझिटिव्हवर येईल, मधल्या जोडावर काही येणार नाही.

आठवे. पडदा दाराजवळ, येता-जाता दिसेल असा लावा. कपाटामागे लावलेला मॉनिटर कोणी पाहत नाही. शेवटी सोलरचे पॅनेल जोडा आणि इन्व्हर्टर सुरू करा.

काटा बरोबर बसला का?

सगळे बंद असताना अँपिअर शून्याजवळ दिसले पाहिजेत. इन्व्हर्टर सुरू करून एकही दिवा लावला नाही तरी एखादा अँपिअर दिसेल. तो इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च. आता मेन बंद ठेवून पंखा लावा. आकडा वाढला पाहिजे आणि त्यामागे वजाचे चिन्ह हवे. अधिकचे चिन्ह दिसले तर शंट उलटा लागला आहे, टोकांची अदलाबदल करा. नंतर उन्हात सोलर जोडून आकडा अधिककडे सरकतो का ते पाहा. सरकत नसेल तर एखादी काळी वायर अजून चोरवाटेने बॅटरीवर आहे.

आठवड्याने सगळे नट पुन्हा एकदा आवळून पाहावेत.

मॉनिटरला काय काय सांगायचे?

मॉनिटर मोजतो, पण कणगी किती मोठी हे त्याला आपणच सांगावे लागते. यंत्रागणिक बटणे निराळी असतात, पण गोष्टी त्याच.

क्षमता : बॅटरीवरचा ए.एच. आकडा. एक गोष्ट ध्यानात घ्या, की हा आकडा हळूहळू वीज काढली तरच खरा असतो. मोठे लोड एकदम टाकले तर बॅटरी तेवढी देत नाही. हा नियम पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली मांडला, आणि चांगल्या मॉनिटरमध्ये त्याच्याच नावाचा आकडा भरावा लागतो. शिसे-ॲसिडसाठी तो बहुधा १.२५ दिलेला असतो.

चार्जिंगचा उतारा : जसा शंभर किलो उसातून शंभर किलो साखर निघत नाही, तसेच बॅटरीत घातलेले सगळेच अँपिअर-तास परत मिळत नाहीत. शिसे-ॲसिडला ८५ टक्के धरून सुरुवात करावी.

पूर्ण भरल्याची खूण : चार्जिंगचे व्होल्टेज वर पोचलेले आहे आणि आत जाणारा प्रवाह क्षमतेच्या दोन ते चार टक्क्यांवर उतरला आहे, म्हणजे १५० ए.एच.ला सुमारे तीन ते सहा अँपिअर, तेव्हा बॅटरी भरली असे समजतात. ही खूण पटली की मॉनिटर शिल्लक १०० टक्के धरतो.

बसवल्यावर पहिले काम म्हणजे बॅटरी पूर्ण भरून घेणे आणि मग १०० टक्के लावणे. अर्ध्या कणगीला भरलेली समजून वही सुरू केली तर पुढची सगळी वही खोटी.

एका रात्रीचा हिशेब

१५० ए.एच.ची एक बॅटरी धरा. निम्म्याच्या खाली जायचे नाही असे ठरवले तर वापरायला ७५ अँपिअर-तास. दोन एल.ई.डी. दिवे १८ वॅट, छताचा पंखा ६० वॅट, टी.व्ही. ५० वॅट, मोबाईल १० वॅट, मिळून १३८ वॅट. इन्व्हर्टरची घट धरून बॅटरीतून साधारण १६२ वॅट जातात, म्हणजे १२ व्होल्टवर साडेतेरा अँपिअर. इन्व्हर्टरचा स्वतःचा एक मिळवून साडेचौदा. पाच तासांत ७२ अँपिअर-तास संपले. म्हणजे संध्याकाळी सातला लाईट गेली तर रात्री बारालाच थांबायला हवे.

आता टी.व्ही. बंद ठेवा. ओढ साडेनऊ अँपिअरवर येते आणि पावणेआठ तास निघतात. त्याबरोबर जुन्या पंख्याऐवजी ३० वॅटचा बी.एल.डी.सी. पंखा लावला, तर ओढ सात अँपिअरच्याही खाली येऊन अकरा तास निघतात. म्हणजे तीच बॅटरी उजाडेपर्यंत पुरली. पडद्यावरचा आकडा हे घरातल्या लहान मुलालाही शिकवतो.

दुसरी बाजूही पाहा. १०० वॅटचे एक पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला २०-२५ अँपिअर-तास देते. रोज ७२ काढायचे आणि २२ भरायचे, हा संसार किती दिवस टिकणार? मेनचे चार्जिंग पुरेसे मिळत नसेल तर एवढ्या खर्चाला एक पॅनेल पुरणार नाही, निदान चार लागतील, किंवा खर्च तरी कमी करावा लागेल. बॅटरी बसली की आपण कंपनीला दोष देतो. पण पुष्कळदा ती रोज उपाशी राहून मेलेली असते, आणि मॉनिटर नसल्याने ते कोणाला कळलेले नसते.

मॉनिटरवरही डोळे झाकून विश्वास नको

मोजमापात रोज थोडी चूक साठत जाते. बॅटरी पूर्ण भरली की आकडा १०० वर येतो आणि चूक पुसली जाते. म्हणून आठवड्या-पंधरा दिवसांतून एकदा तरी बॅटरी पूर्ण भरू द्यावी. पावसाळ्यात नुसत्या सोलरवर असणाऱ्यांनी हे मुद्दाम पाहावे. बॅटरीच्या तब्येतीलाही ते चांगले.

दुसरे असे की, बॅटरी म्हातारी होते तशी कणगी लहान होत जाते. पण मॉनिटर तिला १५० च समजत राहतो. म्हणून सहा महिन्यांतून एकदा दुसरा साक्षीदार बोलवावा. सकाळी बॅटरीला काही तास विसावा देऊन व्होल्टेज पाहावे. मॉनिटर ७० टक्के म्हणतो आणि विसावलेले व्होल्टेज १२.० आहे, तर क्षमता घटली असे समजावे आणि मॉनिटरमधला आकडा खाली आणावा. बुचे असलेल्या बॅटरीला हायड्रोमीटर लावून सहाही घरांचे ॲसिड तपासावे. भरलेल्या बॅटरीचा आकडा किती असावा हे कंपनीच्या कागदावर असते. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीला तो बहुधा १२४० ते १२५० च्या घरात असतो. एखादे घर बाकीच्यांपेक्षा ५० अंकांनी खाली असेल तर ते घर गेले असे समजा. हे मॉनिटर दाखवत नाही.

आणि पाणी! मॉनिटर पाण्याची पातळी सांगत नाही. ती आपणच पाहायची, आणि घालायचे ते डिस्टिल्ड वॉटरच. बोअरचे, नळाचे किंवा फिल्टरचे पाणी नको.

हल्ली लिथियमच्या बॅटऱ्याही आल्या आहेत. त्यांचे व्होल्टेज भरल्यापासून रिकामी होत आल्यापर्यंत जवळजवळ सपाट राहते, म्हणून तिथे नुसत्या व्होल्टेजवरून अंदाज करणे आणखी अवघड. त्यांचा चार्जिंगचा उतारा मात्र ९८-९९ टक्के असतो. त्यांच्यासाठी मॉनिटरचे सगळे आकडे कंपनीच्या कागदाप्रमाणे निराळे भरावेत, आणि चार्जर लिथियमला चालणारा आहे ना याची आधी खात्री करावी.

थोडक्यात

(१) चालू लोडवरच्या व्होल्टेजवरून शिल्लक ठरवू नका.
(२) बॅटरीच्या निगेटिव्हवर शंटची एकच केबल, बाकी सर्व काळ्या वायरी शंटच्या पलीकडे.
(३) काढताना निगेटिव्ह प्रथम, जोडताना निगेटिव्ह केबल शेवटी, आणि त्यानंतर फ्यूज. अंगठी-घड्याळ बाजूला.
(४) पूर्ण भरून मगच १०० टक्के लावा.
(५) पडद्यावर ५० दिसले की टी.व्ही. आणि पंखे बंद. उरलेले दारातल्या दिव्यासाठी राखून ठेवा.
(६) पंधरवड्यातून एकदा पोटभर चार्जिंग, सहा महिन्यांतून एकदा हायड्रोमीटर.

बॅटरीच्या खोलीत एक वही आणि पेन्सिल टांगून ठेवावी. सकाळी उठल्यावर किती टक्के उरले आणि संध्याकाळी किती भरले, एवढे दोनच आकडे महिनाभर लिहावेत. महिन्याच्या शेवटी आपला खर्च जास्त आहे, भरणा कमी आहे, की बॅटरीच थकली आहे, हे त्या वहीवरून आपले आपल्यालाच कळेल. नवी बॅटरी आणायला तालुक्याला जाण्यापूर्वी ती वही एकदा वाचावी.